लोखंडी टाळी

नादाश्कूत, ३ नोव्हेंबर १९९६

प्रिय लेनार्द,

ढम्, ढम्, ढढढम्. आज सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या मला आपल्या गावच्या दवंडीवाल्याचा ढोल ऐकू आला. दवंडीवाला जाऊन किती वर्षं झाली, ढोल तर त्याच्याही आधी गेला, तरी ऐकू आला. चौकात उभा राहून तो आधी वाजवायचा आणि मग अमक्याची गाय हरवली, तमक्या दिवशी कर भरायचा, असं सांगायचा. त्याच्या मागे तू, मावशीचं एनॅमलचं पातेलं पालथं धरून चमच्याने तोच ठेका वाजवत. पण अर्धी मात्रा पुढे. तो चिडून म्हणायचा, "ढोल माझा आहे की तुझा रे?" मावशी माझ्या आईला म्हणायची, "ताई, हे पोरगं एक तर दवंडीवाला होईल, नाही तर तुरुंगात जाईल." पुढे तू वाद्यवृंदाचा संचालक झालास. मधला मार्ग निघाला म्हणायचा.

येत्या बुधवारी तुझा नामदिवस, तुझ्या नावाच्या संताचा दिवस. माझ्या शुभेच्छा घे. पिरोश्काच्याही आहेत, पण तिचे हात पिठात आहेत.

आता कामाचं. शेजारच्या गावाला मैत्रीचा करार करून जर्मनीत एक भगिनी-गाव मिळालं आणि पाठोपाठ तिकडून एक जुना, पण चालणारा आगीचा बंब आला. तेव्हापासून आमच्या नगरपालिकेला झोप नाही. आमचे नवे नगराध्यक्ष चोर्बा पूर्वी ट्रॅक्टर विकायचे. त्यांनी सभेत विचारलं, "आपल्याला परदेशात कोणी ओळखतं का?" एकाने हँडबॉलच्या गोलकीपर मुलीचं नाव घेतलं, पण ती फक्त स्लोव्हाकियापर्यंत जाऊन आली आहे. तेव्हा मी उभा राहिलो. शाळेत कविता म्हणायला उभा राहायचो तसाच, हात मागे बांधून. सांगितलं, की माझा मावसभाऊ कार्दोश लेनार्द याला १९७३ साली इंग्लंडातल्या एका बंदराच्या गावी लोखंडी टाळी मिळाली होती, तीही एक सूर वाजवायच्या आधी. मग चोर्बा म्हणाले, "सर, मग त्याच गावाला पत्र घालू या."

तेव्हा तू तो प्रसंग पुन्हा सविस्तर लिहून पाठव. तुझं तेव्हाचं पत्र मी दर वर्षी काव्यवाचनाच्या स्पर्धेनंतर वर्गात वाचून दाखवायचो. घड्यांवर झिजून त्याचे आता चार तुकडे झाले आहेत आणि प्रत्येकावर वेगळंच काही आहे.

आणखी एक. जूनच्या उत्सवात तुला गावाचं मानद नागरिकत्व द्यायचं ठरतं आहे. पदकही आहे.

तुझा
आंब्रुश


बुडापेस्ट, २४ नोव्हेंबर १९९६

आंब्रुश,

शुभेच्छा पोचल्या. वहिनींच्या हाताच्या पिठाचं पुढे काय झालं ते कळलं नाही.

तो प्रसंग लिहायला मला त्रास नाही. परवाच दंतवैद्याला सांगितला. तोंड उघडं असल्यामुळे अर्धाच झाला.

तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो आणि दुसरा संचालक होतो. दुसरा संचालक म्हणजे जो पहिल्याला ताप येण्याची वाट पाहतो. दौऱ्यात पहिल्याला मूतखडा झाला. माझी तोवरची ख्याती एवढीच, की मी चुकत नाही. ज्याच्याबद्दल फक्त एवढंच बोललं जातं तो संचालक नसतो, घड्याळ असतं. स्वरलिपीच्या वहीत माझं नाक खुपसलेलं असायचं. युदित तेव्हा माझी बायको होती आणि व्हायोला वाजवत होती. ती म्हणायची, "आम्हाला फक्त तुझं टक्कल दिसतं. त्यावरून ठेका कळत नाही."

त्या दिवशी आमची बस रस्त्यात बसली. आम्ही फार उशिरा, भिजलेले पोचलो. मी पडद्यामागे कोटाची बटणं लावत होतो आणि सभागृहातून टाळी ऐकू आली. सगळ्यांची मिळून एक, संथ, जड. धाड. धाड. धाड.

तुमच्या नगरपालिकेच्या इंग्रजी पत्रासाठी सांगतो, कारण तिकडच्या कारकुनाला कदाचित ठाऊक नसेल: आपल्याकडे लोक भारावले, की सुट्या टाळ्यांची हळूहळू एक टाळी होते. घण पडावा तशी. म्हणून ती लोखंडी. ती मिळवायला माणसाला आधी दोन तास घाम गाळावा लागतो, आणि तरी पुष्कळांना जन्मात मिळत नाही. मला तोवर मिळाली नव्हती. इथे तर मी छडीसुद्धा उचलली नव्हती.

मी बाहेर गेलो. छातीवर हात ठेवून वाकलो. टाळी एकदम थांबली, आदराने. मी सगळ्या वाद्यवृंदाला उभं केलं आणि पुन्हा वाकायला लावलं. मग वही मिटली. ज्या लोकांनी माझ्यावर आधीच एवढा विश्वास टाकला त्यांच्यासमोर वहीत तोंड लपवणं मला असभ्य वाटलं. त्या रात्रीनंतर मी पुन्हा कधी वही उघडली नाही. वर्षभरात मला पहिला संचालक केलं. लाइप्त्सिग, हवाना, टोकियो, हे सगळं तिथून पुढचं. आजवर प्रत्येक कार्यक्रमाआधी मी पडद्यामागे डोळे मिटून ती टाळी ऐकली आहे आणि मगच पाऊल टाकलं आहे.

एक गोष्ट मात्र नगरपालिकेला कळवू नकोस. शेवटी तशी टाळी आली नाही. शेवटी सगळे उभे राहिले आणि जो तो आपल्या मनाने वाजवत सुटला, पत्र्यावर गारा पडाव्या तसा. ना ठेका, ना शिस्त. बराच वेळ चाललं. उभे बहुधा शेवटच्या बससाठी राहिले असावेत. म्हणजे त्यांनी सुरुवातीला जी आशा धरली ती मी पुरी करू शकलो नाही. ही रुखरुख राहिली आहे.

पदक कसलं आहे? पितळेचं असेल तर मला पुरळ येतं.

लेनार्द


नादाश्कूत, १६ फेब्रुवारी १९९७

प्रिय लेनार्द,

तिसा नदी गोठली आहे आणि इंग्लंडहून होकार आला आहे. दोन्ही एकाच आठवड्यात.

शाळेतली नवी इंग्रजीची शिक्षिका रेका हिने आपल्या पत्राचं भाषांतर केलं होतं. मुलगी हुशार आहे, फक्त कविता पाठ नाहीत. तिकडून जूनमध्ये पाहुणे येणार आहेत. त्यांच्या प्रमुख मिसेस हॅदर्ली नावाच्या बाई आहेत. त्या काळी त्या त्याच सभागृहात तिकिटं विकायच्या. त्यांनी लिहिलं आहे, की ती संध्याकाळ त्यांना चांगलीच आठवते. "चांगलीच" या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली आहे. चोर्बांनी ती रेघ सगळ्या सभासदांना दाखवली.

स्वागताची कविता माझ्याकडे आली आहे. फळा पुसल्यावर खडूची पूड उन्हात तरंगायची, तेव्हा मला ओळी सुचायच्या. आता फळा नाही, तरी सुचल्या:

सूर न उठता, छडी न हलता, दाद दिली ज्यांनी,
नादाश्कूतच्या सुपुत्राला ओळखले त्यांनी.

पिरोश्का म्हणते, "'ज्यांनी' आणि 'त्यांनी' एकसारखंच वाटतंय." मी म्हटलं, त्याला यमक म्हणतात. ती म्हणाली, "मग ठीक आहे. मला वाटलं चुकलंय."

छडीवरून आठवलं. आपण दोघांनी छडीवरच पोट भरलं की नाही? तुझी कोणाला लागली नाही, एवढाच फरक.

तुझा
आंब्रुश


नादाश्कूत, २३ मार्च १९९७

प्रिय युदित,

तू आणि लेनार्द वेगळे झाल्यावर मी तुला फक्त नाताळची कार्डं पाठवली. हे पत्र मात्र अडचणीचं आहे. तू रागावू नकोस आणि शक्य तर लवकर उत्तर दे.

रेका नावाची आमची इंग्रजीची शिक्षिका काल घरी आली. बराच वेळ टोपी काढेना. मग म्हणाली, "सर, एक विचारू? चिडणार नाही ना?" मी म्हटलं, विचार. ती एक वर्ष इंग्लंडात कोणाची तरी मुलं सांभाळायला होती. ती म्हणाली, "सर, तिकडे लोक सगळे मिळून अशी हळू टाळी वाजवतात ना, ती खूश होऊन नाही. वैतागून. सिनेमा सुरू होत नसला, की. म्हणजे, किती वाट बघायला लावताय, या एकदाचे."

मी म्हटलं, शक्य नाही.

ती म्हणाली, "मी पत्रात नुसतं 'उत्स्फूर्त टाळ्या' असं घातलंय, सर. तेवढं खोटं नाही."

युदित, तू त्या रात्री व्हायोला घेऊन मंचावर होतीस. मी ही गोष्ट इतकी वर्षं मुलांना सांगत आलो. त्यातली काही मुलं आता स्वतः बाप झाली आहेत. आता जूनमध्ये तिकीट विकणाऱ्या त्या बाई इथे येतील, आणि साऱ्या गावासमोर एक तर लेनार्द ती गोष्ट सांगेल, नाही तर त्या. रेका चुकते आहे, एवढं मला कळव.

आंब्रुश


वात्स, २ एप्रिल १९९७

आंब्रुशभावोजी,

रेका बरोबर आहे.

आमच्या ट्रॉम्बोनवाल्याने चोरून इंग्रजी रेडिओ ऐकून ती भाषा उचलली होती. मंचावर जागा घेतानाच तो पुटपुटला, "आपल्याला शिव्या घालतायत." तेवढ्यात लेनार्द बाहेर आला आणि छातीवर हात ठेवून वाकला. आम्हाला वाटलं, हा समजला आणि ऐटीत माफी मागतोय. मग त्याने आम्हालाही उभं केलं. मी त्याचे डोळे पाहिले. पाणी होतं. तेव्हा कळलं, की हा काहीच समजलेला नाही.

मग त्याने वही मिटली आणि वर पाहिलं. लग्नाला तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती, पण वाजवताना त्याचे डोळे मला पहिल्यांदा दिसले. आम्ही त्या रात्री जसं वाजवलं तसं आधी कधी वाजवलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये कोणी काही बोललं नाही. तसं ठरवलं नव्हतं. बोललं नाही एवढंच.

पुढे तो ही गोष्ट प्रत्येक जेवणात सांगायला लागला. तो सुरू झाला, की मी ताटं उचलून स्वयंपाकघरात जायची. त्याला वाटायचं, मी जळते. आम्ही त्यामुळे वेगळे झालो असं नाही. पण पाहुणे आले, की मी फार वेळ स्वयंपाकघरात असायची, आणि ते लग्नाला चांगलं नसतं.

त्याला सांगू नका. त्याच्यातला संचालक त्या टाळीवर उभा आहे, खालची वीट काढू नका. काहीही करून त्याला जूनमध्ये येऊ देऊ नका.

पिरोश्कावहिनींना नमस्कार. त्यांच्या काकड्या मला अजून आठवतात.

युदित


नादाश्कूत, ४ मे १९९७

प्रिय लेनार्द,

लायलॅक फुलला आहे. त्याच्या वासाने मला आज वर्गाची उघडी खिडकी आठवली आणि डोळे भरून आले. तुला कळावं म्हणून लिहितो, की त्या वासाने या वर्षी पुष्कळ लोकांना शिंका येत आहेत.

जूनबद्दल थोडं. यंदा उन्हाळा कडक आहे असं म्हणतात. संस्कृती भवनाच्या खुर्च्या नव्या आहेत, पण पाठीला वाईट आहेत. छपरावर करकोच्यांनी घरटं केलं आहे आणि ते भाषणं चालू असताना चोच वाजवतात. नदीकडून डास येतात. रेल्वेने दोनदा गाडी बदलावी लागते. तू सत्तरीचा झालास, मीही झालो, आणि मानसन्मान म्हणजे काय, तर शेवटी एक डबी.

मी चौकशी केली. पदक पोस्टाने पाठवता येतं. रजिस्टर्ड.

तुझा
आंब्रुश


बुडापेस्ट, ११ मे १९९७

आंब्रुश,

करकोच्यांचं वाचलं.

तुला काय झालंय ते मला समजलं आहे. शाळेच्या काव्यवाचनात मला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि तुला दुसरं. कविता तू निवडली होतीस, मला शिकवलीसही तूच, आणि टाळ्या मला पडल्या. तू तेव्हा काही बोलला नाहीस. हे आता बाहेर पडतंय. साठ वर्षं माणूस एखादी गोष्ट पोटात ठेवतो, याचं मला कौतुक वाटतं. किंवा मग ते पदक त्या गोलकीपरला द्यायचं ठरलं असेल. तसं असेल तर सरळ सांग, ती निदान काहीतरी अडवते.

मी येतोय. नगराध्यक्षांना मी परस्पर कळवलं आहे, की तो प्रसंग मी स्वतः मंचावर सांगेन, मिसेस हॅदर्लींना शेजारी बसवून. रेकाने वाक्यागणिक भाषांतर करावं. चोर्बांना कल्पना फार आवडली. रेका का नाही म्हणते ते त्यांना कळत नाही. मलाही नाही. तुझा काही हात?

वहिनींना सांग, उशी कडक हवी.

लेनार्द


नादाश्कूत, २९ मे १९९७

लेनार्दभावोजी,

आमचे हे टेबलाशी बसून कागद फाडतायत. दिवसभर तेच चाललंय, म्हणून मी लिहिते. मला पत्रं लिहायची सवय नाही, तेव्हा सरळच लिहिते.

इंग्लंडात ती टाळी कौतुकाची नसते. उशीर झाला, की रागावलेले लोक तशी वाजवतात. तुम्ही उशिरा पोचला होता. पुढचं तुम्हीच समजा.

युदितला माहीत होतं. तुमच्या सगळ्या वाजवणाऱ्यांना माहीत होतं. आता इथे मला, यांना आणि रेकाला माहीत आहे. त्या बाईंना तर असणारच, त्याही वाजवत असतील. तुम्ही त्यांच्यासमोर मंचावर उभे राहण्याआधी तुम्हालाही माहीत असावं असं मला वाटलं. यांना वाटत नाही. हे कवितेतले आहेत.

यांच्या पोटात काव्यवाचनाचं वगैरे काही नाही. मी यांचं पोट ओळखते. ऑपरेशनपासून तिखटसुद्धा राहत नाही.

खोली तयार आहे. उशी कडक आहे. काकड्यांची बरणी उन्हात ठेवलीय, आंबवायला वर पावाचा तुकडा ठेवलाय, तुम्ही येईपर्यंत आंबतील.

पिरोश्का


बुडापेस्ट, ५ जून १९९७

वहिनी,

पत्र मिळालं. मी युदितला फोन केला. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "कोणी सांगितलं?" तेव्हा विचारायचं काही राहिलंच नाही.

मी येणार नाही. प्रकृती बरी नाही असं चोर्बांना सांगा. ते खोटं नाही.

संचालकाला फार काही यावं लागत नाही. छडी कोणीही हलवतो. एकच गोष्ट यावी लागते: समोर काय वाजतंय ते ऐकू येणं. ती मला माझ्या सर्वांत मोठ्या दिवशी आली नाही, आणि त्या न येण्यावर मी पहिला संचालक झालो. काल सवयीने डोळे मिटले. टाळी अजून ऐकू येते. आता ती काय म्हणते तेही ऐकू येतं.

पदक गोलकीपरला द्यावं. आंब्रुशला सांगा, काव्यवाचनाबद्दल लिहिलं ते मागे घेतो. मला पुस्तकातला मजकूर पाठ करून म्हणता आला एवढंच. कविता त्याला कळली होती.

लेनार्द


नादाश्कूत, २१ जून १९९७, शनिवार सकाळ

प्रिय लेनार्द,

समारंभ आज दुपारी आहे. हे पत्र सोमवारीच पोस्टातून निघेल, म्हणजे त्याचा उपयोग नाही, तरी लिहितो. माझं लिहिणं बहुतेक असंच झालं आहे.

पाहुणे परवा आले. हॉटेल नसल्यामुळे त्यांना घराघरांत वाटून दिलं. मिसेस हॅदर्ली आमच्या वाट्याला आल्या. तुझ्या खोलीत आहेत, तुझ्या उशीवर. उंच, कोरड्या बाई आहेत, पावसाळी कोट अंगावरून काढत नाहीत. पिरोश्काला इंग्रजी येत नाही, त्यांना हंगेरियन येत नाही, आणि दोघी दिवसभर एकमेकींना स्वयंपाकातल्या चुका दाखवतात. फार जमलं आहे.

काल संध्याकाळी रेकाला जेवायला बोलावलं. आंबट चेरींचं सूप होतं. बाई म्हणाल्या, "ते संचालक केव्हा येणार?" मी सांगितलं, तब्येत बरी नाही, येत नाहीत. त्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाल्या, "मग मी कशाला आले?"

मला वाटलं, झालं. पिरोश्काने भांडी आवरायला घेतली, काही फुटू नये म्हणून.

त्या सांगू लागल्या आणि रेका मागोमाग सांगत गेली. त्या रात्री त्यांचं सभागृह गारठलेलं होतं, लोक ताटकळले होते, पैसे परत मागत होते. टाळी सुरू कोणी केली? "मी," बाई म्हणाल्या. "तिकिटाच्या खिडकीतून उठून मागच्या दारात उभी राहिले आणि सुरू केली. माझ्याशी तासभर भांडले होते सगळे. म्हटलं, तुमचा राग तिकडे घाला." मग तू बाहेर आलास आणि वाकलास. "आम्ही त्याला झोडपत होतो आणि तो आमचे आभार मानत होता. एकदा नाही. सगळ्यांना उभं करून. आम्हाला इतकी लाज वाटली, की कोणी खोकलंसुद्धा नाही. मी त्या सभागृहात म्हातारी झाले, पण तसं गप्प बसलेलं ते पुन्हा पाहिलं नाही. आणि मग ते वाजवायला लागले."

पिरोश्काने त्यांना आणखी सूप वाढलं.

मी विचारलं, "आणि शेवटी?"

"शेवटी आम्ही उभे राहिलो. आमच्याकडे कोणी उभं राहत नाही. राजघराण्यातलं कोणीसं आलं होतं, तेव्हाही अर्धे बसून होते."

मी म्हटलं, "शेवटच्या बससाठी उभे राहिले असतील."

त्यांनी रेकाकडे पाहिलं, भाषांतर बरोबर झालं का ते. मग म्हणाल्या, "बस कुठे जाणार? ड्रायव्हर आत होता. टाळ्या वाजवत."

मग मी तुझी रुखरुख सांगितली, की त्या टाळ्यांना ठेका नव्हता. रेकाला ते दोनदा समजवावं लागलं. बाई विचार करून म्हणाल्या, "ठेका धरायला शेजारचा कसा वाजवतो ते ऐकावं लागतं. त्या वेळी कोण ऐकतंय?"

लेनार्द, तू त्या रात्रीचं चुकीचं टोक उराशी धरून बसलास, आणि खऱ्या टोकाबद्दल चोवीस वर्षं खंत केलीस. पण ते चुकीचं टोक तुझ्या हाताला लागलं नसतं तर वही मिटली नसती, आणि मग कोणी उभंही राहिलं नसतं. यावर कविता होत नाही. मी पहाटेपासून प्रयत्न करतो आहे. यमक जुळतं, पण अर्थ निसटतो.

बाई त्या टाळीबद्दल माफी मागायला आल्या आहेत. मी म्हटलं, मंचावर मागू नका, गावाला कळेल. त्या म्हणाल्या, गावाशी माझं काही काम नाही. आता त्या सोमवारी परत जातील आणि तू बुडापेस्टला डोळे मिटून बसशील. हे मला बरोबर वाटत नाही, पण माझ्या हातात काय आहे? समारंभात तुझी खुर्ची पहिल्या रांगेत ठेवली आहे. शेजारी गोलकीपर आहे. मुलगी चांगली आहे, तुझ्याबद्दल विचारत होती.

दार वाजतं आहे. पिरोश्का आणि बाई मागे अंगणात काकड्यांवरून वाद घालताहेत, म्हणजे मलाच उठायला हवं. नगरपालिकेतून कोणी कवितेची प्रत न्यायला आलं असेल.

उभ्या उभ्या दोन ओळी लिहितो. नगरपालिकेतून कोणी नव्हतं. युदित होती. केस पांढरे झाले आहेत, चष्मा डोक्यावर, हातात गाडीच्या किल्ल्या. मी "ये" म्हणायचंही विसरलो. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "भावोजी, तो बाहेर गाडीत बसलाय. पहाटे त्याला दारातून अक्षरशः ओढून आणलं. आता उतरत नाही. म्हणतो, आधी जाऊन विचार, त्या लोकांचा राग गेला का."